नवव्या घरचा गणपती

जठारपेठेतल्या आमच्या चहाच्या बाकड्यावर वीस वर्षांत इतके किस्से साचलेत, की चहा गार होतो पण किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे दोघांचेच. ढोले सर, विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर, कट्टर नास्तिक. आणि जोशी गुरुजी, अर्ध्या अकोल्यात पूजा सांगणारे. वाद एकच, देवाशिवाय माणुसकी टिकते का? मी मधे बसतो, कारण कोणीतरी बसायलाच हवं.

*

एकदा तिघं एसटीनं अकोटला निघालो. वाद चालूच. वाटेत एक म्हातारी चढली आणि दोघंही एकदमच उठले! गुरुजी म्हणाले, हा धर्म. सर म्हणाले, ही माणुसकी, धर्माचा काय संबंध? म्हातारी एका सीटवर बसली, दुसरीवर थैली ठेवली.

"कायच्यानंबी उठा बापा, पन आता उभेच राहा."

मी मात्र बसून होतो, हे दोघांनीही मला पुढे महिनाभर ऐकवलं.

*

सरांनी देहदानाचा फॉर्म भरला तेव्हा गुरुजी आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वतःचाच भरलेला फॉर्म घेऊन हजर! सरांचे डोळे भरून आले. पण फॉर्म द्यायला गेलो, तर मेडिकल कॉलेजच्या गेटापाशी गुरुजी अडून बसले, राहुकाळ संपल्याशिवाय आत जायचं नाही. तो संपेस्तोवर क्लार्क जेवायला गेला.

"पाहा, तुमचा राहू डबा खाऊन राह्यला," सर म्हणाले.

*

गेल्या गणेश चतुर्थीला पहाटेच गुरुजींचा घसा पार बसला. नऊ घरं पूजेसाठी खोळंबलेली, आणि त्या दिवशी दुसरे गुरुजी कुठून मिळणार? सरांना मात्र सगळी पूजा तोंडपाठ होती. खोडून काढायला पाठ केलेली!

"देवासाठी नाही, तुमच्यासाठी," असं बजावून सर माझ्या गाडीत बसले. हात गुरुजींचे, आवाज सरांचा. तिसऱ्या घरी सर मंत्राबरोबर स्वतःच्या शंकाही सांगू लागले, तेव्हा गुरुजींनी चिमटा काढला. तरी आठ घरं सुखरूप पार पडली.

नवव्या घरी बाई एकटीच. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, दवाखान्यात त्याच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नाही, पण पूजा चुकू नये म्हणून ती धावत घरी आलेली. आरती झाल्यावर तिनं हात जोडले.

"गुरुजी, बाप्पा ऐकते ना जी?"

गुरुजींनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वर कोणी ऐकत नाही, हे सर आम्हाला वीस वर्षं सांगत आले होते.

"ऐकते बाई," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन आला, गाडी काढा. पोचलो तर सर दारातच उभे, हातात डबा. दवाखान्यात गेलो, तर बाईच्या नवऱ्याच्या खाटेशी गुरुजी आधीच बसलेले, मोदक घेऊन. बाईला त्यांनी खुणेनंच घरी झोपायला पिटाळलं होतं. सरांना पाहताच त्यांनी सरकून जागा केली.

तेवढ्यात सिस्टर आली. तुम्ही पेशंटचे कोण, असं तिनं विचारलं. गुरुजींचा घसा अजून बसलेलाच. त्यांनी सरांकडे पाहिलं.

सरांनी डबा उघडत सांगितलं, "बाईनं काल बाप्पाले सांगतलं होतं. आमी तिकडूनच आलो."