कचरूअण्णांच्या कानामागची पट्टी

श्रीगोंद्यात कुणाच्या दंडाला ताईत दिसला, की कचरूअण्णांच्या खिशातून कात्री निघालीच म्हणून समजा. आपल्या बौद्ध समाजातली लग्नं तेच लावायचे. एकदा तर भर मांडवात लंकाबाईच्या जावयाचा गंडा कापला त्यांनी. ते लंकाबाई विसरली असेल असं ज्याला वाटतं, त्याला लंकाबाई माहीतच नाही.

आणि त्याच अण्णांनी पंच्याण्णवच्या वैशाखात कानावरून मफलर गुंडाळला!

त्याचं असं झालं. अण्णांना कंपवात जडला. थरथरणारा हात खिशात घालता येतो. गळणारी लाळ कुठं घालणार? पुतण्या आदिनाथ बोटीवर खानसामा. बोट लागू नये म्हणून गोरे लोक कानामागं औषधाची पट्टी चिकटवतात, तिनं तोंड कोरडं पडतं, म्हणून तो थोड्या घेऊन आला. नगरला सावेडीचे डॉक्टर म्हणाले, "लावून बघा. पण या वयात भ्रम होऊ शकतो. असंबद्ध बोलले की लगेच काढायची."

मग काय, रोज चहाआधी विमलबाईंची परीक्षा.

"सांगा, माझं माहेर कोणतं?"

"जिथं माझी मती फिरली, ते."

"डोकं ठिकाणावर हाय," म्हणत त्या कप सरकवायच्या. पण नजर काही नवऱ्याच्या तोंडावरून हलायची नाही.

लाळ थांबली. आता जीभ टाळूला चिकटायला लागली. लंकाबाईच्या नातीचं, अश्विनीचं, लग्न तोंडावर आलेलं. अण्णा परसात एकटेच वंदना घोकायचे, अडखळायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हे लग्न हातून गेलं, तर पुढं कोण बोलावणार?

त्यात न्हाव्याकडं मफलर सोडावा लागला. दाढी होईस्तोवर बातमी वस्तीभर: अण्णांनी भगताचं मंतरलेलं कानामागं लावलंय!

लंकाबाई दारात हजर. "अण्णा, कात्री दुसऱ्यांपुरतीच हाय व्हय? काय लावलंय कानामागं?"

खरं सांगावं, तर उद्यापासून सगळे त्यांच्या वंदनेऐवजी हनुवटीकडं बघणार. अण्णा म्हणाले, "उष्णता झालीय."

"उष्णतेला मफलर? बरं. आमी नगरवरनं दुसरा मानूस आनतो."

दुसऱ्या दिवशी लंकाबाईच्या अंगणात बायका पापड लाटत होत्या. अण्णा मफलर न घालताच तिथं गेले. कात्री तिच्या हातात दिली, मान वाकवली. "काप."

लंकाबाई दोरा शोधायला लागली. दोरा कुठला? नुसती चिकटपट्टी.

"लाळ गळती माझी," अण्णा हळूच म्हणाले. "त्याचं औषध हाय."

लाटणी थांबली. लंकाबाईनं कात्री परत त्यांच्या खिशात घातली. "जावयाला अजून एक दोरा हाय, कमरंला. लग्नात बघा," म्हणाली, आणि पापडाकडं वळली.

लग्नात अण्णा पंचशील सांगत होते, मांडव मागून म्हणत होता. तिसऱ्या शीलाला जीभ चिकटली. तोच पुढं बसलेल्या लंकाबाईनं आपलं शीलाच्या शेवटचं "समादियामि" असं काही लांबवलं, की सगळ्या बायका तिच्या मागं ओढल्या गेल्या. तेवढ्यात विमलबाईंनी पेला पुढं केला, अण्णांनी घोट घेतला.

चौथं शील, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी..." अण्णांनी सुरू केलं.

लंकाबाई पदराआड म्हणाली, "म्हना, म्हना. उष्णता झालीय म्हनं!"