हप्ता नवीचा, स्वारी जुनीवर

“माझं काही म्हणणं नाही बापा,” असं म्हणून वहिनी पदराच्या टोकानं चष्मा पुसायला लागल्या, की ओळखावं, आता म्हणणं सुरू होणार. चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढेपर्यंत समोरच्याचं मत बदललेलं असे, आणि ते आपलं आपणच बदललं असा त्याचा समज होई. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. नीट पाहिलंत तर दिसेल, आजूबाजूच्या चार घरांचे निम्मे निर्णय त्यांनीच घेतलेले असतात आणि त्याचं श्रेय घ्यायला ती कधी पुढे येत नाहीत.

जयपुरात मुरलीपुऱ्याला आम्ही एकाच घरात भाड्यानं राहत होतो. वहिनी आणि त्यांचे यजमान खाली, मी वर. मी विमा कंपनीतला, साताऱ्याकडचा. ते अमरावतीकडचे. यजमान एका बँकेत वाहनकर्ज बघत. त्यांना सगळेच साहेब म्हणत, वहिनीसुद्धा. मुलगा पुण्याला शिकायला होता. बदलीच्या गावात मराठी बोलायला मिळणं एवढ्यावर नाती जुळतात. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मला ‘भाऊ’ करून टाकलं आणि वर वाटीतून काहीबाही यायला लागलं.

साहेबांचं एक दुःख होतं. दिवसभर ते लोकांना गाड्यांसाठी कर्ज देत. पोरगेलेसे कारकून, दुकानदार, नवे डॉक्टर त्यांच्या टेबलासमोरून चकचकीत गाड्यांची स्वप्नं मंजूर करून नेत, आणि संध्याकाळी साहेब आपल्या जुन्या मोटारसायकलला किक मारत घरी येत. गाडी मुलगा लहान असताना घेतलेली होती, तीही सगळे पैसे एकदम मोजून. कर्ज ही इतरांना देण्याची वस्तू आहे, घेण्याची नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. रात्री जेवण झालं की मात्र ते मोबाइलवर नव्या मोटारसायकलींचे व्हिडिओ बघत बसायचे.

रविवारी सकाळी फाटकाशी गाडी धुता धुता हा विषय निघे. एका हातात फडकं धरून साहेब दोन्ही बाजू स्वतःच मांडत. “हिनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही. ॲव्हरेजही बरं देते. पण किती दिवस, मतलब? माझ्या हाताखालचा पोरगा बघा कसल्या गाडीवर येतो.” मी जुन्या गाडीच्या पक्षात होतो. माझीही स्कूटर जुनी होती, आणि साहेबांनी नवी घेतली तर मग माझ्याकडेही बोट दाखवलं जाईल अशी भीती होती. मी म्हणायचो, “चालतेय ना? मग कशाला महिन्याच्या महिन्याला हप्ता मागे लावून घेता?” साहेबांना हे पटायचं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो.

इतर दिवशी सकाळी वहिनी फाटकात पर्स घेऊन उभ्या असत. आमेरच्या पलीकडे एका खासगी बी.एड. कॉलेजात त्या शिकवायच्या. गावोगावच्या बदल्यांत त्यांच्या तीन-चार नोकऱ्या सुटल्या होत्या आणि ही मनासारखी मिळाली होती. पण तिथं पोचायला दोन बस बदलाव्या लागत. पहिल्या बसपर्यंत साहेब त्यांना गाडीवरून सोडत. “निघतोच,” असं ते आतून म्हणत. त्या शब्दानंतर त्यांची दाढी, मग वर्तमानपत्र, मग जोडीतला दुसरा मोजा शोधणं. वहिनी फाटकाशी उभ्या. मी गॅलरीतून बघायचो आणि वहिनी वर न बघताच मला हात करायच्या.

एका रविवारी साहेब दुकानातून कोटेशन घेऊन आले. जुनी गाडी दिली तर किमतीत सूट मिळणार होती. वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि चष्मा काढला.

“माझं काही म्हणणं नाही बापा. घ्यायची तर घ्या तुम्ही. दुसऱ्यांना कर्ज देता देता म्हातारे व्हाल. पण जुनी देऊ नका. तिचे असे काय येणार आहेत? पोरगा सुट्टीत आला की त्याला लागेल.”

साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. जन्मभर ज्याची परवानगी मागायची हिंमत झाली नाही, ते कुणीतरी ताटात वाढून दिलं होतं. मी विरोध करायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींनी माझ्यापुढे चकलीची ताटली सरकवली. “भाऊ, तुम्ही काय पाहून राहिले? घ्या न.” मी चकली घेतली. चकली खाताना हप्त्यांवर बोलता येत नाही.

धनत्रयोदशीला नवी गाडी आली. काळी, रुंद टाकीची, पुढे झेपावल्यासारखी. साहेबांनी स्वतःच्याच बँकेतून, स्वतःच्याच टेबलावरून, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनं कर्ज घेतलं होतं. वहिनींनी गाडीला ओवाळलं, हँडलला झेंडूचा हार घातला, स्वस्तिक काढलं, आणि तबक घेऊन आत जाताना कोपऱ्यातल्या जुन्या गाडीच्या टाकीवरही कुंकवाचं बोट टेकवलं. मला वाटलं, बायकांचा जीव जुन्या वस्तूंवर असतो. असं काहीबाही आपल्याला वाटत असतं.

नवी गाडी घेऊन दोघं रीतीप्रमाणे मोतीडुंगरीच्या गणपतीला गेली. गेली एका गाडीवर, आली दोन वाहनांतून. साहेब पुढे गाडीवर, मागून वहिनी ई-रिक्षात. मागची सीट म्हणजे शेतातला माचा होता. नऊवार नाही, पाचवारही नेसून त्यावर बसणं शक्य नव्हतं. साहेब खाली मान घालून गाडी लावत होते. वहिनी रिक्षावाल्याला पैसे देऊन शांतपणे म्हणाल्या, “उंच आहे सीट. मी जाईन न माझी माझी.” साहेबांना इतकं अपराधी वाटलं, की त्या संध्याकाळी त्यांनी भाजी निवडली.

मुलगा दिवाळीत आला, चार दिवस मोबाइलवरून टॅक्सी बोलावून फिरला आणि परत गेला. जुन्या गाडीला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

त्यानंतर कॉलेज उघडलं त्या सकाळी मी गॅलरीत चहा पीत होतो. खाली ओळखीच्या किकचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि गाडी चालू. मी वाकून बघितलं. सलवार-कमीज, ओढणी कमरेला तिरपी बांधलेली, डोक्यावर हेल्मेट. वहिनींनी क्लच दाबला, पायानं पहिला गिअर टाकला आणि फाटकाकडे गाडी वळवली. साहेब तोंडात ब्रश घेऊन दारात आले.

“अगं, गाडी कोण नेतंय?”

“मीच नेऊन राहिली. दिसत नाही का?”

“आणि लायसन्स?”

“आहे.”

“कधी काढलंस?”

“तुम्ही कोटेशन गोळा करत होते न, तेव्हा.”

साहेबांनी माझ्याकडे वर बघितलं. मी कपात बघितलं. वहिनी निघून गेल्या. गल्लीच्या वळणावर दूधवाला भैया किटल्यांसकट बाजूला झाला आणि बराच वेळ तिकडे बघत राहिला.

त्या गाडीवरून त्या रोज आमेरच्या पुढे जाऊ लागल्या. सकाळी किल्ल्याकडे जाणारे हत्ती रस्त्यात लागत. त्यांच्या मागून गाडी कशी चालवायची हे त्या आम्हाला जेवताना समजावून सांगत. “हॉर्न द्यायचा नाही. घाईही करायची नाही. त्याचं त्याला वाटलं की तो सरकतो.” साहेब मान खाली घालून वरणभात कालवत असत. हे हत्तीबद्दलच चाललंय ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर असे.

एकदा साहेब बाहेर गेलेले असताना मी विचारलंच. “वहिनी, हे सगळं आधीपासून ठरवलं होतं तुम्ही?”

“ठरवून काय होते भाऊ? मी फक्त जुनी विकू दिली नाही.” मग त्या थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या. “माझे बाबा कृषी खात्यात होते. सरकारी मोटारसायकल होती. आमच्याकडे कापसाच्या जिनिंगचं मोठं आवार होतं, सीझन नसला की रिकामं. तिथं शिकली मी. भाऊ नव्हता मला, म्हणून बाबांनी शिकवलं. लग्नानंतर ही गाडी घरी आली, तेव्हा मी यांना म्हटलं, मला एक चक्कर मारू द्या. हे हसले. वाईट नाही हसले. चांगलंच हसले. पण मग मी पुन्हा विचारलं नाही.”

नंतर मी साहेबांना सहज म्हणून विचारलं, तुम्हाला हे आठवतं का. ते बराच वेळ आठवत राहिले. “हसलो असेन,” ते म्हणाले.

इकडे नव्या गाडीचं वेगळंच सुरू झालं. तिच्यावर पुढे वाकून बसावं लागे, आणि साहेबांचं वय वाकण्याचं नव्हतं. आधी मान धरली, मग कंबर. हिवाळ्यात ते जिन्यात मला अडवून हळूच म्हणाले, “हप्ता माझा आणि कंबरही माझीच.” त्यांनी वहिनींपुढे तोडगा मांडला, आठवड्यातले काही दिवस गाड्या बदलून वापरू. वहिनींनी ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला. “माझं काही म्हणणं नाही बापा. पण माझे पाय नाही पुरत नवीवर. ते काही दिवस तुम्ही बसनं जाऊन पाहा न.”

साहेब बसनं गेले नाहीत. कर्ज घेऊन आणलेली गाडी लोकांना दिसली पाहिजे, या हट्टानं ते तिच्यावरच जात राहिले.

मग एका दुपारी मी एका जळालेल्या दुकानाच्या दाव्यासाठी चाकसूला गेलो होतो, तेव्हा साहेबांचा फोन आला. आवाज बारीक होता. बँकेत खुर्चीतून उठताना कंबर धरली होती आणि आता सरळ होता येत नव्हतं. “तुम्ही येऊ शकाल का?” मी म्हटलं, मला यायला उशीर होईल, वहिनींना कळवा. ते म्हणाले, बघतो, आणि फोन ठेवला. शेवटी मीच वहिनींना फोन केला.

पुढचं मला साहेबांनीच नंतर सांगितलं, अंथरुणावर उताणे पडून, छताकडे बघत. वहिनी तास टाकून आमेरहून तशाच आल्या. बँकेच्या लोकांनी आधी रिक्षा आणली, पण तिच्यात वाकून शिरणं साहेबांना जमेना. जुन्या गाडीची सीट सपाट, रुंद आणि बुटकी. तिच्यावर मात्र दोघांनी धरून बसवल्यावर ते ताठ बसू शकले. काचेच्या दारामागे अख्खी शाखा उभी. कर्जासाठी आलेली माणसंही बाहेर येऊन बघू लागली. साहेबांनी मागच्या दांडीला धरलं.

“हळू चालव, म्हणालो मी. ती म्हणाली, हत्तींच्या मागून चालवायची सवय आहे मला. तुम्ही फक्त हलू नका.” मग ते म्हणाले, “फार छान चालवते हो. खड्डा आधीच दिसतो तिला. मला इतक्या वर्षांत कधी दिसला नाही.”

डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वाकून गाडी चालवायला मनाई केली. नवी गाडी आच्छादनाखाली गेली. विकावी तर येणारे पैसे उरलेल्या कर्जापेक्षा कमी, हा हिशोब साहेबांइतका कुणाला पाठ असणार? लोकांना ते हा हिशोब रोज ऐकवत. म्हणून गाडी उभी राहिली आणि हप्ता पगारातून जात राहिला. रोज सकाळी कमरेला पट्टा बांधलेले साहेब डबा घेऊन फाटकात उभे राहायला लागले. आतून वहिनींचा आवाज यायचा, “निघालेच.” मग एखादा फोन, मग गॅस बंद केला का ते बघणं. साहेब निमूट उभे. मी वरून हात केला की तेही हात करायचे. त्या हात करण्यात मला तरी तक्रार कधी दिसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची नागपूरला बदली झाली. वहिनींचं कॉलेज सुटणार होतं. मला वाटलं, त्या चष्मा पुसतील. त्यांनी पुसला नाही. “नागपूरजवळही कॉलेजं आहेत भाऊ. आता बसची वाट पाहावी लागणार नाही, एवढं तर झालं,” त्या म्हणाल्या. नवी गाडी शेवटी बँकेतल्याच एका तरुण कारकुनानं पडत्या भावात घेतली, अर्थातच कर्जानं. जयपूर सोडण्यापूर्वी साहेबांनी मंजुरीसाठी शिफारस केलेलं ते शेवटचं प्रकरण. कारकुनाला त्यांनी कमरेबद्दल एक शब्दही सांगितला नाही. व्यवसायाची शिस्त म्हणतात ती हीच असावी.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. जुनी गाडी रेल्वेनं जाणार होती. पार्सलच्या माणसांनी तिला गोणपाटात गुंडाळलं, सुतळीनं आवळलं. पार्सलबाबूनं कागद पुढे केला आणि वहिनींच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “भाईसाहब को बुला दीजिए भाभीजी, मालिक की साइन चाहिए.”

साहेब सामानापाशी बाकावर बसले होते. त्यांना उठायला वेळ लागे, म्हणून ते बसूनच म्हणाले, “साइन वही करेंगी. गाड़ी उन्हीं के नाम है.”

साहेबांनी गाडी त्यांच्या नावावर कधी केली, मला माहीत नव्हतं. वहिनींकडे बघितलं तर असं वाटलं, की त्यांनाही कळून फार दिवस झाले नसावेत. त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

गाडी पार्सलमध्ये टाकताना टाकी रिकामी लागते. वहिनींनी आधीच नळी लावून पेट्रोल एका बाटलीत काढून घेतलं होतं. ती बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. “स्कूटरमध्ये टाकून द्या भाऊ. फेकू नका.” त्यांची रेल्वे सुटल्यावर मी ती बाटली पिशवीत घालून परतलो आणि घरी आल्याबरोबर स्कूटरच्या टाकीत ओतली.

खालच्या मजल्यावर आता एक बंगाली डॉक्टर जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. फाटकात कुणी कुणाची वाट बघत उभं नसतं, दोघांच्या दोन मोटारी आहेत. माझी स्कूटर अजून तीच आहे. वहिनींचं पेट्रोल तिच्यात किती दिवस पुरलं ते मला सांगता येणार नाही. टाकी अर्धी झाली की मी वरून नवीन भरत गेलो.