जिन्यावरचा व्हिडिओ

मी कॉलेजचा जिना चढत होते. वर्गातल्या सानिकानं मागून शूट केलं. त्याला रोडरोलरचा आवाज लावला, वर लिहिलं, "बाजूला व्हा, मुकुंदवाडी येतीय." दुपारपर्यंत अख्ख्या अकरावीनं बघितला. लॅबमधले सर फोन बघून हसले. मी दिसले तसे खोकले.

सानिकाचे वडील बिल्डर. माझे पप्पा वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामगार, घर मुकुंदवाडीत. तिला कोण बोलणार?

तो व्हिडिओ सगळ्यात जास्त वेळा मीच बघितला. रिक्षात, बाथरूममध्ये, आई हाका मारत असताना. कमेंटा पाठ झाल्या. डबा कुत्र्याला घालायला लागले. आई विचारायची, "खाल्लंस का गं?"

"व्हय, सगळं."

दिवाळीपर्यंत ड्रेस अंगावर लोंबायला लागला. उठलं की डोळ्यापुढं अंधारी. सानिका म्हणाली, "आता बरी दिसतीस." मला ग्रुपमध्ये घेतलं. खरं सांगते, लई आनंद झाला.

मग सोयगावहून रुखसार आली. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. माझ्याच बाकावर बसायची. एकदा कँटीनमध्ये ती वडापाव खात होती. सानिकानं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"तू काढ व्हिडिओ. तुझ्यावर तिला संशय नाय येणार."

मी काढला. हात थरथरला नाय. तेच अजून छळतं.

रात्रीतून तो सगळीकडं गेला. दुसऱ्या दिवशी रुखसार बाकाजवळ उभी राहिली. रडली नाही.

"तुझा जिन्यावरचा व्हिडिओ मला गावाकडंच आल्ता. म्हणून तर तुझ्याजवळ बसत होते मी."

दप्तर उचललं, गेली. परत आली नाही.

आठवड्यानं सानिकानं पुन्हा फोन पुढं केला. नवी कुणीतरी पोरगी होती.

"नाय काढणार."

"मग तुझा जुना परत टाकू?"

"टाक."

तशीच प्रिन्सिपल मॅडमकडं गेले, अर्ज लिहिला. व्हिडिओ कुणी काढले, ती नावं लिहिली. पहिलं माझं.

मॅडम म्हणाल्या, "तुझंच वर्ष वाया जाईल."

"जाऊ द्या."

रुखसारनं माफ करावं म्हणून नाही लिहिलं. तिचं ते वाक्य अजून भर वर्गात कानात येतं, घास तोंडाजवळ नेला की येतं. अर्ज मागं घे म्हणून रोज कुणीतरी समजावतं. घेणार नाही. चौकशीला बोलावतील तेव्हा सानिकाच्या वडिलांसमोर, माझ्या पप्पांसमोर, मी काय केलं ते मीच सांगणार. आणि सानिकानं काय केलं, तेही.