पंच्याण्णव पुरतं

मिलोहोरीतून घाटाकडे निघालं की गावातला शेवटचा पेट्रोलपंप लाझारोसचा. त्याच्यापुढे बत्तीस वळणं आणि बकऱ्या, बाकी काही नाही. तीस वर्षं हा माणूस त्या पंपावर उभा आहे आणि तीस वर्षं एकच गोष्ट मिरवत आलाय, की आपण कुणाला गंडवलं नाही. कधी माप मारलं नाही, पेट्रोलमध्ये पाणी मिसळलं नाही आणि ज्याला गरज नाही त्याच्या टाकीत महागडं पेट्रोल ओतलं नाही. पंपावर दोन नोझल, एक पंच्याण्णव ऑक्टेनचं, दुसरं शंभरचं. शंभरच्या नोझलवर कोळ्यानं जाळं केलं असतं तरी नवल नव्हतं. एखादा नवा मोटारसायकलवाला ऐटीत "शंभर घाला" म्हणाला, की लाझारोस विचारायचा, "का रे, लग्नाला निघालायस?" आणि सरळ पंच्याण्णवचं नोझल उचलायचा. "पंच्याण्णव पुरतं." हे दोन शब्द गावात इतके रुळले होते, की कॅफेत कुणी दुसऱ्या ग्लासाला नको म्हटलं तरी बाकीचे ओरडायचे, "पंच्याण्णव पुरतं!"

बहुतेक वेळा ते खरंही असायचं. गावातल्या गाड्या जुन्या, सुस्त, जे मिळेल ते पिणाऱ्या. त्यांना शंभर पाजलं काय आणि पंच्याण्णव पाजलं काय, चालायच्या तशाच. पण सतत बरोबर ठरणाऱ्या माणसाची एक खोड असते, तो बघायचं सोडून देतो. टाकीच्या झाकणाखाली कंपनीनं काय लिहिलंय ते वाचायला लाझारोस कधी वाकत नसे. "इंजिनाचा आवाज ऐकला की कळतं मला," म्हणायचा. लोक मान डोलवायचे.

त्याचा जिवाभावाचा माणूस म्हणजे मिनास मेकॅनिक. चर्चच्या उतारावर त्याचं गॅरेज. लाझारोसच्या लग्नात याच मिनासनं मागं उभं राहून नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल केले होते, आणि पुढं लाझारोसच्या मुलीला नामकरणाच्या पाण्यात त्यानंच धरलं होतं. असं नातं जुळलं की दोघं एकमेकांचे कुंबारोस होतात आणि हाक मारताना 'कुंबारे' म्हणतात. सख्ख्या भावाशी भांडलं तरी चालतं, पण कुंबारोसच्या विरुद्ध गावात ब्र काढायचा नसतो. रोज सकाळी नऊला मिनास पंपावर यायचा. दोन खुर्च्या, दोन कप कॉफी आणि फाशांचा पट.

वसंतात अशाच एका सकाळी मिनास फासे हातात खुळखुळवत म्हणाला होता, "एव्दोकियाच्या गाडीत उंच डोक्याचा पिस्टन टाकलाय कुंबारे. कॉम्प्रेशन चांगलंच वाढलंय. आता ती शंभरशिवाय दुसरं काही पिणार नाही."

"हं," लाझारोस म्हणाला. त्याचं लक्ष पटावर होतं. पण त्यानं ऐकलं होतं. पुढं त्यानं स्वतःलाच किती वेळा सांगून पाहिलं की आपण ऐकलं नव्हतं, पण ते काही जमलं नाही.

एव्दोकिया गावची पोस्टमनीण. आठवडाभर पोस्टाच्या पिवळ्या फटफटीवर पत्रं आणि पेन्शनी वाटत डोंगरातल्या वाड्या पालथ्या घालायची. पण रविवार तिचा स्वतःचा. वर्षानुवर्षं पैसे साठवून तिनं एक जुनी लाल मोटारसायकल घेतली होती आणि मिनासनं हिवाळाभर खपून ती नव्यासारखी केली होती. पहिल्या रविवारी ती पंपावर आली तेव्हा खाटीक प्रोद्रोमोस आणि आणखी दोघं तिथं रिकामटेकडे बसले होते. म्हणजे लाझारोसला प्रेक्षक होते.

"काका, शंभर घाला," एव्दोकिया म्हणाली.

"शंभर? घोडीला काय केशर पाजणार आहेस?"

मंडळी हसली. एव्दोकियाही हसली, पण म्हणाली, "मिनासमास्तरांनी सांगितलंय."

"मास्तराला लोखंडातलं कळतं पोरी. पेट्रोलचं मला विचार. तीस वर्षांत कुणाला लुबाडलं नाही, आता तुला लुबाडू? पंच्याण्णव पुरतं." आणि त्यानं टाकी भरली. प्रोद्रोमोसनं मांडीवर थाप मारली. लाझारोसला फार बरं वाटलं.

जुलैत ती एकदा चेहरा पाडून आली. "काका, चढावर डब्यात खडे घातल्यासारखं वाजतं हो. कडकड, कडकड."

तो आवाज कशाचा, हे पंपावरच्या माणसाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? दाब जास्त आणि पेट्रोल कच्चं, की ते आपली वेळ येण्याआधीच पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा घालतं. लाझारोसला हे पाठ होतं. पण आता शंभरचं नोझल उचलायचं म्हणजे प्रोद्रोमोससमोर आपलाच शब्द गिळायचा. तो म्हणाला, "उन्हाळा आहे पोरी, लोखंडालाही उकडतं," आणि पुन्हा पंच्याण्णव भरलं.

ऑगस्टच्या मध्यावर मेरीमातेची जत्रा. एव्दोकिया बहिणीला मागं बसवून वरच्या गावच्या जत्रेला निघाली. एकोणिसाव्या वळणावर इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि दोघी रस्त्यावर. एव्दोकियाचं कोपर सोललं, बहिणीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दरीच्या बाजूला पडल्या असत्या तर काय झालं असतं, हे गावात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मिनासनं इंजिन उघडलं तेव्हा अर्धं गाव गॅरेजच्या दारात होतं, लाझारोसही. पिस्टनच्या डोक्याला बोट जाईल एवढं भोक. मिनासनं ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग एव्दोकियाला बाजूला घेऊन हळू आवाजात काही विचारलं. तिनं उत्तर दिलं. मिनासनं पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि लोकांकडे वळून एवढंच म्हणाला, "गाडी मी बांधली. नीटही मीच करून देईन."

लोकांना तेवढं पुरलं. आठ दिवसांत गावभर झालं, की मास्तर म्हातारा झाला, मास्तरचे हात कापतात, मास्तरनं दोन पोरींचा जीव घेतला असता.

सप्टेंबरात प्रोद्रोमोस पंपावर थांबला. "मी तर पोराची गाडी आता खाली शहरात नेतो. मास्तरवर कसला भरवसा? तुझं काय म्हणणं, लाझारोस? तू तर रोज त्याच्याबरोबर बसतोस."

लाझारोसच्या हातात नोझल होतं, पंच्याण्णवचंच. खरं बोलायला हीच वेळ होती आणि ती त्याला दिसत होती. त्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "वय होतं रे माणसाचं."

त्या रात्रीपासून त्याला आपल्या आवाजाची किळस यायला लागली. मूग गिळून बसला असता तरी एक वेळ परवडलं असतं. पण तो बोलला होता, आणि कुणाबद्दल, तर मुकुट धरणाऱ्या माणसाबद्दल. बायको म्हणाली, तब्येत दाखवून या. तो म्हणाला, पित्त झालंय.

सगळ्यात वाईट म्हणजे मिनास येत राहिला. रोज नऊला, जणू काही घडलंच नव्हतं. कॉफी प्यायचा, फासे टाकायचा आणि उठताना विचारायचा, "आणखी काही?"

"काही नाही," लाझारोस म्हणायचा.

पूर्वी मिनासच्या दारात गाड्यांची रांग चर्चच्या भिंतीपर्यंत जायची. ऑक्टोबरात दारात एक मांजर बसलेलं असायचं. लाझारोसनं त्या उतारावरून जाणंच सोडलं आणि ब्रेडसाठी लांबचा वळसा घ्यायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, आपल्याच गावात चोरासारखा गल्ल्या निवडत फिरत होता.

अकरा नोव्हेंबरला मिनास संताचा दिवस, म्हणजे आपल्या मिनासचा नामदिवस. नामदिवसाला कुणी आमंत्रण देत नाही आणि कुणी आमंत्रणाची वाटही बघत नाही. दार उघडं असतं, गाव येतं. न जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. लाझारोस मिठाईचा खोका घेऊन संध्याकाळी निघाला. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा कल्लियोपीवहिनींनी, म्हणजे मिनासच्या बायकोनं, खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, तेव्हा आत जावंच लागलं.

दरवर्षीप्रमाणे वहिनींनी चर्चच्या सभागृहातून खुर्च्या आणून भिंतीला लावल्या होत्या, चाळीसेक तरी. त्यांवर सात माणसं बसली होती. पाकातल्या चेरीच्या वाट्या, छोटे पेले, सगळं तबकांत जसंच्या तसं भरलेलं. "यंदा थंडी लवकर पडली ना, माणसं बाहेर पडत नाहीत," वहिनी म्हणाल्या. बाहेर अजिबात थंडी नव्हती.

लाझारोसनं त्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि त्याला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेका खुर्चीवरून त्यानंच माणूस उठवला होता. कोपऱ्यात घोड्यावर बसलेल्या संताची तसबीर, तिच्यापुढे दिवा. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून इथले लोक याच संताला साकडं घालतात. लाझारोसनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"पुष्कळ वर्षं जग, कुंबारे," तो म्हणाला. खोका हातातच होता, त्याचा दोराही सुटला नव्हता. "मला एक सांगायचंय. ती गाडी तुझ्यामुळे नाही बिघडली. तिनं शंभर मागितलं होतं, मी हसून पंच्याण्णव भरलं. तू मला सांगितलं होतंस, तरी. खडे वाजतात म्हणून ती पुन्हा आली, तेव्हा मला कळलं होतं. तरीही भरलं. आणि नंतर लोकांनी तुला नावं ठेवली, तर मी म्हणालो, वय होतं माणसाचं."

एव्दोकिया बहिणीशेजारी बसली होती. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, काका," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी मास्तरांचं ऐकलं नाही." ती रडली असती किंवा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मिनास उठला, तसबिरीखालचा खण उघडून त्यानं फडक्यात गुंडाळलेला तो पिस्टन काढला आणि लाझारोसच्या हातातल्या खोक्यावर ठेवला. "तुला काय वाटलं, मला पिस्टन वाचता येत नाही? त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"कुंबारोस आहेस माझा. माझ्या तोंडून कसं काढू? पोरीलाही बोलू दिलं नाही. ते तुझ्या तोंडून निघायला हवं होतं. म्हणून तर तीन महिने रोज येऊन बसलो, रोज जाताना विचारलं." मिनासचा आवाज इथं पहिल्यांदा चढला. "उद्यापासून येणार नाही. तू गप्प होतास तोवर मला रागावताही येत नव्हतं. आता येईल. आणि इथं सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायला हवं, ते यातल्या कुठल्या खुर्चीवर बसलेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाझारोसनं तो पिस्टन पंपावरच्या खांबाला तारेनं बांधला, पंच्याण्णवच्या नोझलच्या बरोबर वर. मग पहिल्यांदा तो प्रोद्रोमोसच्या दुकानात गेला. दुकानात चार बायका होत्या. त्यांच्यासमोरच त्यानं सगळं सांगितलं.

प्रोद्रोमोसचा सुरा हातातच राहिला. "पण तूच म्हणालास ना मला, वय होतं म्हणून?"

"म्हणालो."

"रोज त्याच्याबरोबर कॉफी पिऊन?"

"हो."

प्रोद्रोमोसनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो नासलेल्या मटणाकडे पाहतो, आणि पुढच्या बाईला म्हणाला, "तुम्हाला काय देऊ?"

हिवाळाभर लाझारोस हेच करत राहिला. आता गाडी आली की तो गुडघ्यांना हात लावून वाकायचा, झाकणाखालचं वाचायचा, आणि जरा शंका आली की म्हणायचा, "मास्तरला विचारून ये. मला माहीत नाही." पंच्याण्णव पुरतं, हे शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत. कॅफेत मात्र ते आता त्याच्याकडे बघून म्हटले जायचे. मिनासच्या दारात हळूहळू गाड्या दिसायला लागल्या, आणि एक दिवस प्रोद्रोमोसच्या पोराचीही दिसली. पण नऊ वाजता पंपावर कुणी येत नसे. लाझारोस दोन खुर्च्या मांडायचा, एका कपाची कॉफी करायचा आणि ती उभ्यानं प्यायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी मिनास चालत आला. नमस्कार नाही, काही नाही. खांबापाशी थांबून पिस्टनकडे बघत राहिला.

"उलटा टांगलायस."

"तार तशीच बसते त्याची," लाझारोस म्हणाला.

"नाही बसत."

आणि खरंच नव्हती बसत. तीन महिने पिस्टनची शाबूत बाजू रस्त्याकडे होती आणि भोक खांबाकडे. रोज बघूनही लाझारोसनं ते स्वतःला दिसू दिलं नव्हतं. मिनासनं खिशातून पक्कड काढली, तार सोडली, पिस्टन फिरवला आणि भोक रस्त्याकडे करून पुन्हा घट्ट आवळला. मग खुर्चीवर बसला.

लाझारोस आत जाऊन कॉफी ठेवतो न ठेवतो तोच बाहेर एक परगावची मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढत त्या माणसानं खांबाकडे बोट केलं. "हे काय झालं हो? कुणी केलं?"

मिनासनं फक्त मान वळवून दाराकडे पाहिलं.

लाझारोस बाहेर आला. मिनासच्या देखत परक्या माणसाला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. "मी केलं," तो म्हणाला. "एका पोरीनं शंभर मागितलं, मी पंच्याण्णव भरलं. यांनी मला आधीच बजावलं होतं. नंतर आळ यांच्यावर आला, आणि मी गावाला सांगितलं की यांचं वय झालंय." त्यानं हात पुसले आणि वाकला. "झाकण उघडा. काय लिहिलंय ते वाचू."

आत कॉफी उतू गेल्याचा वास आला.

"आधी त्यांचं वाच," मिनास म्हणाला. "मग दुसरी कॉफी टाक. बसलोय मी."