या नावाचं कोणी नाही

शेषराव टपालवाल्याची सायकल मोहखेडीच्या पाराला टेकली, की माणसं म्हणायची, "आला बाप्पा अक्षरं मोजणारा!" महाराष्ट्राचं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. चिखलीहून एसटीनं टपालाची थैली यायची आणि शेषराव ती आसपासच्या खेड्यांत वाटायचा. पाकिटावरचं नाव आणि समोरचा माणूस काना-मात्रेसकट जुळल्याशिवाय तो कागद हातावर ठेवायचा नाही. रोजच्या ओळखीच्या माणसालाही विचारायचा, "बापाचं नाव सांग."

त्याला कारणही तसंच होतं. मोहखेडीत कडूबा एक नव्हता, दोन होते. नवा नवा असताना शेषरावनं एकाच्या सोयरिकीचं पत्र दुसऱ्याच्या हाती दिलं. तो पठ्ठ्या फेटा बांधून पोरगी पाहून आला, वर पोहे-चहा हाणून आला! मग जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. दोन्ही घरांच्या शिव्या शेषरावनं खाल्ल्या आणि तेव्हापासून कानाला खडा लावला.

सारखं दिसणारं वेगळं असतं, एवढं तो शिकला. वेगळं दिसणारंही एकच असू शकतं, हे मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एक कार्ड आलं. 'पंचफुलाबाई, माळीपुरा, मोहखेडी.' बस, एवढंच. शेषरावनं पारावर विचारलं, "पंचफुला कोन व्हय बे?" माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. "या नावाची बाईच नाही गावात," एक जण म्हणाला. शेषरावनं कार्डावर तसा शेरा मारला आणि परत धाडलं. पुन्हा आलं, पुन्हा परत. तिसरंही त्याच वाटेनं गेलं.

त्याच माळीपुऱ्यात सुभद्राबाईची सून रुख्मिणी टपालाच्या दिवशी दारात उभी असायची. पहिलटकरीण पोरगी, सातवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण तिकडून बोलावणं आल्याशिवाय सुनेला धाडायची रीत नव्हती. आणि बोलावणं तर येईना.

"दादा, माह्यासाठी काही हाय काय?"

शेषराव थैली चाळायचा. "रुख्मिणीच्या नावानं काई नाही, बाई."

आतून सुभद्राबाई बोलायची, "काऊन घडीघडी इचारून राह्यली? इसरले तुले वडनेरवाले!" पोरगी पदरानं डोळे पुसून आत जायची. शेषरावला वाईट वाटायचं, पण नसलेलं टपाल तो कुठून आणणार?

पुढं त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मग ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवानं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं. सकाळची कोकिळा आता शालू झाली. बाया हसत होत्या, पेढे वाटत होत्या. शेषरावचा पेढा हातातच राहिला. पोरगी तीच होती, आणि तिची माय तिला मरेपर्यंत कोकिळाच म्हणणार होती.

"अरे माह्या देवा!" तो पुटपुटला. गाव जुळत होतं, पुरा जुळत होता. कार्डावर शिक्का वडनेर भोलजीचा होता, आणि त्या रुख्मिणीला तर अख्खा पुरा वडनेरवाली म्हणत होता. एक नाव जुळलं नाही म्हणून त्यानं बाकीच्या सगळ्यावर बोळा फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी मोहखेडीचं टपाल नव्हतं, तरी त्यानं सायकल काढली. सुभद्राबाई अंगणात तूर पाखडत होती.

"मावशी, सुनेचं माहेरचं नाव काय तुमच्या?"

"आता ते कोनाच्या ध्यानात हाय?"

दारातून बारीक आवाज आला, "पंचफुला."

शेषरावनं टोपी काढली. "बाई, तुह्या मायनं तीन खेपा बोलावणं धाडलं. जावयाचं नाव घेत नसन ती, म्हनून पत्त्यावर तुहंच नाव टाकलं. अन् मी ते वापस करत गेलो. चूक माही हाय."

सुभद्राबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "मुडद्या! तिकडं त्यायले वाटलं असन, आमीच कागद घेतला नाही. अन् मी इथं या लेकराले बोलून राह्यली!" मग सुनेकडे पाहून ती म्हणाली, "आता कोनाच्या बोलावण्याची वाट नाही पाहत. उद्याच्या एसटीनं मीच नेऊन घालते तुले."

रुख्मिणी दाराला टेकून रडत होती. शेषराव सायकलकडे वळला, तशी ती म्हणाली, "दादा, लगन झाल्यापासून त्या नावानं मले कोनी हाक नाही मारली. एक खेप मारा ना."

थैलीत काहीच नव्हतं. तरी शेषराव अंगणाबाहेर गेला, सायकलची घंटी वाजवली आणि साऱ्या पुऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पंचफुलाबाई! टपाल!"

"हाव दादा, आली!" दारातून उत्तर आलं.