तीनशे बारा जणांनी ऐकलेलं औषध

धसईच्या वरच्या अंगाला डोंगरालगत एक वाडी आहे. तिथल्या लहानीकडे मुरगळलेला पाय घेऊन माणसं पार शेणव्यापासून यायची. लंगडत, कण्हत, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. लहानी फार विचारपूस करायची नाही. वाटलेल्या मुळीचा लेप लावायची, अंगठ्याने शीर दाबायची आणि जा म्हणायची. चार दिवसांत तोच माणूस बांधावरून ताठ चालताना दिसायचा. मुळी कसली, हे तिच्या नवऱ्यालाही मरेपर्यंत कळलं नाही. ते इथेही सांगायचं नाही.

कारण औषधाचे नेम कडक होते. मुळी रविवारी सकाळी खणायची, तीही कोणाशी अवाक्षर न बोलता. पैसा घ्यायचा नाही. आणि नाव कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातातला गुण गेला. लहानीची सासू थकली तेव्हा लहानी नारळ घेऊन तिच्यापुढे बसली होती. सासूने कानात नाव सांगितलं आणि त्या दिवसापासून म्हातारीने कोणाच्या पायाला हात लावला नाही. एरवी लहानी म्हणजे दुसऱ्याच्या शेतात भात लावणारी बाई. पण या गुणापायी भली भली माणसं तिला ओट्यावर बसवून चहा देत, आणि ते तिला आवडायचं. का आवडू नये?

देवरामच्या शेतात ती तीस वर्षं राबली. त्याची मुलगी अक्षदा लहानीच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हणायला हरकत नाही. नऊ वर्षांची असताना पोरीचा पाय मुरगळला, तेव्हा लहानीने तिच्यासमोरच मुळी सोलली आणि वाटली. पोरासोरांपासून कोण काय लपवतं? अक्षदाने मुळीवरचा पाला पाहून झाड ओळखून ठेवलं आणि पुढची पंधरा वर्षं कोणाला चकार शब्द बोलली नाही.

मग ती कल्याणला एका ऑफिसात नोकरीला लागली आणि दोन हजार आठ साली तिने ब्लॉग काढला. शनिवारी घरी यायची तेव्हा कौतुकाने सांगायची. धसईत मात्र ही चीज कोणालाच उमगली नाही. कॉम्प्युटर म्हणजे मुरबाडला सातबारा काढून देणारं यंत्र, एवढीच गावाची ओळख. देवरामला वाटायचं, पोरगी पेपरात लिहिते. तो बाजाराच्या दिवशी भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून तिचं नाव शोधायचा. लहानीचा मुलगा मंगळ्या म्हणायचा, तो मोबाइलचाच काहीतरी प्रकार. लहानीने तर विचारलंच नाही. पोरगी लिहिते ना, मग बरंच काहीतरी असेल, एवढा तिचा विश्वास.

भादव्यात एक दिवस पुण्याचा एक गृहस्थ वाडीवर चढून आला. पायात बूट, गळ्यात कॅमेरा आणि हातात मुळासकट उपटलेलं झाड. त्याने हसून नमस्कार केला आणि अंगणात उभ्या उभ्या झाडाचं नाव घेतलं. हीच ना ती मुळी, असं विचारलं. अक्षदाच्या ब्लॉगवर वाचलं, फार सुंदर लिहिलंय तुमच्यावर, असंही म्हणाला. माणूस भला होता बिचारा. पण ते नाव त्या अंगणात कधी मोठ्याने उच्चारलं गेलं नव्हतं. लहानीने त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

शनिवारी ती खाली देवरामच्या घरी गेली. अक्षदा नुकतीच जीपमधून उतरून आली होती. लहानीने तिला शांतपणे विचारलं, हे बलाग का काय म्हणतेस, ते असतं तरी काय? अक्षदाने समजावून सांगितलं की, माझी वहीच आहे लहानीबाय, फक्त ती उघडी असते, ज्याला वाटेल तो वाचतो.

"म्हंजे वही ओट्यावर उघडी टाकून निजलीस," लहानी म्हणाली. "किती जनांनी ऐकलं?"

अक्षदाला तो आकडा पाठ होता. इतके दिवस तिला त्याचा अभिमान होता. आता मात्र तो तिने खाली मान घालून सांगितला. तीनशे बारा.

लहानीने डोळ्यांना पदर लावला. एका कानासाठी राखलेली गोष्ट तीनशे बारा कानांत गेली होती. पोरीपुढे मुळी सोलली तिनेच, म्हणजे सांगितल्यासारखंच; तिच्या हाती आता काय उरलं? अक्षदा म्हणाली, मी आत्ता जाऊन ते पुसून टाकते. लहानी म्हणाली, ऐकलेलं कानातून कसं पुसशील? आणि उठून गेली. चहा तसाच राहिला.

त्यानंतर आलेल्या दोघांना तिने दारातूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात देवराम स्वतःच बांधावरून घसरला. घोटा सुजून टम्म झाला. लहानी त्याला पाहायला आली, उशाशी बसून राहिली, पण पायाला हात लावीना. देवराम कळवळून म्हणाला, तीस वर्षांची ओळख गो आपली. लहानी म्हणाली, ओळख हाय दादा, गुण नाय.

रविवारी सकाळी अक्षदा वाडीवर गेली. लिहिलेलं तिने पुसलं होतं, पण तेवढ्याने भागणार नाही हे तिला कळत होतं. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने नारळ घेतला होता. तो लहानीपुढे ठेवून ती रडतच वाकली.

लहानीने नारळाकडे पाहिलं. सासूपुढे ठेवलेला तिचा स्वतःचा नारळ तिला आठवला असणार.

"ते तीनशे बारा जन, त्यांतल्या कोनी नारळ आणला?" तिने विचारलं.

अक्षदाने नकारार्थी मान हलवली.

"मग फुकट ऐकलंनी त्यांनी. फुकट ऐकलेल्याला गुण येत नाय, आनि माझाबी गेला नाय." तिने नारळ उचलून कपाळाला लावला. "तू मागायला आलीस. बस हितं."

आपण मागायला नव्हे, माफीला आलो होतो, हे सांगायचं धाडस अक्षदाला झालं नाही. लहानीने तिला जवळ ओढलं आणि तीनशे बारा जणांनी वाचलेलं तेच नाव, कोंबडीनेही ऐकू नये इतक्या हळू, तिच्या कानात सांगितलं.

मग दोघी न बोलता मुळी खणून आल्या. देवरामच्या घोट्याला अक्षदाने लेप लावला. लहानी दोन्ही हात पदरात गुंडाळून शेजारी बसली होती आणि अंगठा खाली घे, अजून खाली, असं दरडावत होती. एकदा सवयीने तिचा हात पुढे आला. तिने तो परत पदरात घेतला.

निघताना ती अक्षदाला म्हणाली, "तुझ्या त्या वहीत लिव. लहानी आता औषध देत नाय. दर रविवारी अक्षदा देते, धसईला, बापाच्या घरी."

अक्षदाने लिहिलं. पुढच्या रविवारी शेणव्याचा एक म्हातारा नेहमीसारखा लंगडत वाडीवर आला. ब्लॉग वाचणाऱ्यांतला तो नव्हता. लहानीने त्याला पाणी दिलं, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि स्वतःच त्याला हळूहळू खाली देवरामच्या घरी घेऊन गेली.