सोवळ्यातला खुनी

माझा धाकटा भाऊ मला घरी बोलावतो तेव्हा मी आधी कारण शोधतो. त्या रविवारी दुपारी चहाबरोबर चकल्या होत्या आणि पुतणीने वाकून नमस्कार केला. सण नव्हता, माझा वाढदिवस नव्हता. चकलीसुद्धा मी जपूनच चावली.

कारण लवकरच कळलं. पुतणीने मैत्रिणींना घेऊन मोबाइलवर पाऊण तासाचा सिनेमा काढला होता, काशीतल्या आमच्याच दूधविनायकाच्या गल्ल्यांत. एक बिनचेहऱ्याचा खुनी आणि ओळीने मरणाऱ्या मुली. तिला पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकायचं होतं, भाऊ म्हणत होता बँकेच्या परीक्षा दे. शेवटी निकाल मी द्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं.

"मीच का?"

"दादा, तू आजवर कशालाच चांगलं म्हटलेलं नाहीस," भाऊ म्हणाला. "तू बरा म्हणालास तर खरंच बरा असेल."

भावाने परीक्षक कसा निवडला ते माझ्या ध्यानात आलं.

"काका, जे सच आहे तेच सांगा," पुतणी म्हणाली.

पडदे ओढले गेले. माझी बायको सिनेमा सुरू व्हायच्या आधीच तोंडाला पदर लावून बसली होती. हेही मला खटकलं.

उणिवा मला लगेच सापडल्या आणि मी त्या मोठ्याने सांगत गेलो. रक्त म्हणजे उघड उघड गुलाबाचं सरबत. मेलेल्या मुलीच्या गालावर माशी बसली, ती तिने हाताने हाकलली. पहिल्यांदा मेलेली मुलगी वेणी बदलून पुन्हा तिसरी मेली. आणि हत्यार काय, तर विळी. "अगं, विळीवर बसावं लागतं. खुनी काय तिला सांगणार, थांब जरा, पाट मांडतो?" भाऊ खूश होता. पुतणी मान खाली घालून वहीत लिहीत होती.

पण खुनी आला की मी गप्प व्हायचो. तो फक्त पाठमोरा दिसे, वरच्या कुठल्यातरी खिडकीतून टिपलेला. पहाटेचं धुकं, अंगावर धोतर, खांद्यावर ओलं उपरणं आणि त्याखाली काहीतरी लपवलेलं. भिंतीलगत अंग चोरून चालायचा. वळणावर थांबून नुसती मान पुढे काढायचा. कोणी आलं की झटकन दाराच्या आडोशाला. माणूस गेला की पुन्हा बाहेर. संगीत नाही, काही नाही. माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

घाबरलो हे कबूल कसं करणार? म्हणून म्हणालो, "हा नट तर अगदीच खोटा. असं भामट्यासारखं कोणी चालतं का?"

भावजय अर्धे भरलेले कप उचलायला लागली.

"पुढे बघा," बायको पदराआडून म्हणाली.

पुढे गल्लीत गाय आली. खुन्याने तिला वाट दिली, नमस्कार केला आणि उपरण्याखालची वस्तू या हातातून त्या हातात घेतली. तांब्या होता. एका बाजूला पोचा आलेला. तो पोचा मीच पाडला होता, माकडाला तांब्या फेकून मारताना. माकडाला लागला नव्हता.

मी रोज पहाटे ब्रह्मा घाटावर स्नान करून, सोवळं नेसून, पूजेचं पाणी घेऊन घरी येतो. वाटेत कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा घाटावर. म्हणून जपून येतो. हे दृश्य फार प्रसन्न दिसत असणार, असं मला तीस वर्षं वाटत आलं होतं. स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते?

"मी तर परवा पाहिला तेव्हाच पहिल्या पावलाला ओळखलं," बायको म्हणाली.

"मग सांगितलं नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना."

"किती दिवस चाललं होतं हे?" मी पुतणीकडे वळलो.

"अकरा. बाकी कुणाला अ‍ॅक्टिंग येतच नव्हती, काका. विचारलं असतं तर तुम्ही सीधे चालला असता."

"चला," भाऊ पडदा उघडायला उठला. "दादाच म्हणाला, नट खोटा. सिनेमा नापास."

मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. सिनेमा कोणी पाहिला नसता, माझी पाठही झाकलेली राहिली असती. हा विचार मी अख्खी चकली संपेपर्यंत केला, हे सांगायला हवं. पण अकरा पहाटा ही पोरगी थंडीत खिडकीशी बसली होती, आणि तिला जे दिसलं ते मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

"सिनेमा वाईट आहे," मी म्हणालो. "सरबत वाईट, विळी वाईट, मुलींना मरायची घाई. पण खुन्याची मला भीती वाटली, आणि तो मी होतो. जाऊ दे तिला."

पुतणी आता पुण्यात आहे. माझं आणि तिचं आधीच ठरलं होतं, असा भावाला अजून संशय आहे. मी सरळ, ताठ चालून पाहिलं. दुसऱ्याच पहाटे दूधवाल्याला धडकलो आणि घाटावर परत गेलो. तेव्हा पुन्हा भिंतीलगतच येतो, फक्त वळणावर आधी वरच्या खिडक्या बघतो. दूधवाल्याला कोणीतरी सिनेमा दाखवलेला दिसतो. हल्ली मी दिसलो की तोच दाराच्या आडोशाला उभा राहतो.